बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे : जिम कॉर्बेट



२५ जुलै ही जिम कॉर्बेट यांची जयंती आणि २९ जुलै हा जागतिक व्याघ्र दिन. दोन्ही तारखा एकाच आठवड्यात येतात. त्या निमित्ताने कॉर्बेट साहेबांविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी काही वन्यजीवांचा अभ्यासक नाही. आयुष्य बँकेत गेले, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

कॉर्बेट हे नाव आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे ते नरभक्षक वाघांचा शिकारी म्हणून. मी बी.कॉम.ला असताना इंग्रजी सुधारावे म्हणून वडिलांनी त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक माझ्या हातात ठेवले. इंग्रजी किती सुधारले ते सोडा, पण पुस्तक मी तीन रात्रींत संपवले. संपवले म्हणजे जवळजवळ. शेवटचे प्रकरण मी गाळले, कारण पहिली दोन पाने चाळल्यावर लक्षात आले की त्यात नरभक्षक नाही, शिकार नाही, नुसते फोटो काढण्याचे वर्णन आहे. विशीतल्या पोराला त्यात काय रस?

ते प्रकरण मी वाचले त्यानंतर चाळीस वर्षांनी. निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळी मध्य प्रदेशातल्या एका व्याघ्र प्रकल्पात गेलो होतो. उघड्या जिप्सीतून फिरताना रस्त्याच्या कडेला वाघीण दिसली. अंतर फार तर तीस फूट. मी मोबाइल काढला आणि भान हरपून उभाच राहिलो. गाइडने शर्ट ओढून मला खाली बसवले. तो काही बोलला नाही, पण त्याच्या नजरेत जे होते ते मला पुरेसे समजले. आवाजाने वाघीण उठली आणि झाडीत गेली. मागच्या गाड्यांतल्या लोकांना ती दिसलीच नाही. माझ्या फोटोत आली ती समोर बसलेल्या गृहस्थांची टोपी.

घरी आल्यावर ते जुने पुस्तक काढले आणि गाळलेले प्रकरण वाचले. तेव्हा कळले की आपल्याला अर्धाच कॉर्बेट माहीत होता. आज उरलेल्या अर्ध्याबद्दल सांगायचे आहे. पण त्यासाठी सुरुवातीपासून सुरुवात करू.

नैनितालचे घर, कालाढुंगीचे जंगल

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील ख्रिस्टोफर विल्यम कॉर्बेट तिथे पोस्टमास्तर होते. आईवडील दोघांचेही हे दुसरे लग्न, त्यामुळे दोन्हीकडची मुले धरून घरात मोठे खटले. साहेबाच्या राज्यातले गोरे कुटुंब म्हटल्यावर आपल्यासमोर बंगला, नोकरचाकर आणि क्लब येतो, पण कॉर्बेट कुटुंब तसे श्रीमंत नव्हते. सप्टेंबर १८८० मध्ये नैनितालला मोठी दरड कोसळून १५१ माणसे गेली. पुढच्याच वर्षी वडील वारले. जिम तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. पदरी एवढी मुले घेऊन आई मेरी जेन हिने कंबर कसली. नैनितालला उन्हाळ्यात येणाऱ्या लोकांना घरे भाड्याने मिळवून देण्याचा व्यवसाय तिने केला आणि संसार सावरला.

उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगीला, असा या कुटुंबाचा रिवाज होता. कालाढुंगीच्या घराच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू व्हायचे. जिमची खरी शाळा ती. मोठा भाऊ टॉम त्याला शिकारीला घेऊन जाई. गावातला कुँवर सिंग हा जातीने ठाकूर, गावचा मुखिया आणि त्या भागातला पट्टीचा चोरटा शिकारी. त्याने जिमला रान वाचायला शिकवले. जिमची पहिली बंदूक ठासणीची होती, नळीला तडा गेलेली, पितळी तारेने बांधून ठेवलेली. दारूगोळा बेताचाच मिळे, त्यामुळे एक बार फुकट घालवणे परवडत नसे. त्या टंचाईने त्याला नेम धरण्यापेक्षा थांबायला शिकवले.

पंजाचा ठसा किती वेळापूर्वीचा, चितळ ओरडले ते कशाला पाहून, माकडाने दिलेला इशारा वाघासाठी की बिबट्यासाठी, पक्षी अचानक गप्प का झाले, हे सारे तो मुलगा कानांनी आणि डोळ्यांनी शिकत गेला. प्राण्यांचे आवाज तर तो इतके हुबेहूब काढी की प्राणी फसत. पुढे बंदूक असो वा कॅमेरा, त्यांच्या हाती जे यश आले ते या शिदोरीवर.

रेल्वेची नोकरी

पुढे शिकायची घरची ऐपत नव्हती. शाळा संपताच जिमने बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. पहिले काम मानकपूरला होते, इंधन निरीक्षकाचे. इंजिने त्या काळी लाकडावर चालत, आणि त्यासाठी जंगलातली झाडे तोडून घ्यायचे काम या मुलाकडे होते. झाडांवर वाढलेल्या मुलाला झाडे तोडून पोट भरावे लागले.

नंतर ते बिहारमध्ये गंगेकाठी मोकामेह घाटावर गेले. तिथे एका रेल्वेचा माल उतरवून दुसऱ्या रेल्वेत चढवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले आणि सुमारे वीस वर्षे तिथेच काढली. सुरुवातीच्या दिवसांत ते स्वतः मजुरांबरोबर पाठीवर माल वाहत. मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी तिथे शाळाही सुरू केली. पहिल्या महायुद्धात कुमाऊँमधली ५०० माणसे जमवून ते फ्रान्सला घेऊन गेले आणि एक सोडून सारी परत आणली.

लग्न त्यांनी केले नाही. बहीण मॅगी हीसुद्धा अविवाहित राहिली. ही दोघे भावंडे अखेरपर्यंत एकमेकांच्या आधाराने राहिली.

नरभक्षकांची वर्षे

त्यांची कीर्ती झाली ती सुटीच्या दिवसांत केलेल्या कामामुळे. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने नेपाळात सुमारे २०० माणसे मारली होती आणि तिथून हुसकून लावल्यावर कुमाऊँमध्ये येऊन एकूण आकडा ४३६ वर नेला होता. गावेच्या गावे दारे लावून बसली होती. पिके उभी होती पण कापायला कोणी शेतात जात नव्हते. या कामगिरीवर जाण्याआधी कॉर्बेट यांनी सरकारला दोन अटी घातल्या होत्या. एक म्हणजे वाघिणीवर लावलेली सर्व बक्षिसे रद्द करावीत. दुसरी म्हणजे तिच्या मागावर असलेले बाकीचे शिकारी आणि शिपाई मागे घ्यावेत. पैशासाठी शिकार केली असे कोणी म्हणू नये, ही त्यातली भावना. आम्हा बँकवाल्यांना अशा माणसाचे विशेष अप्रूप.

१९१० मध्ये ४०० बळी घेणारा पनारचा बिबट्या त्यांनी मारला. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा. हा बिबट्या बद्री-केदारच्या यात्रेच्या वाटेवर आठ वर्षे दहशत घालत होता आणि त्याच्या नावावर १२५ बळी होते. या कथा आपण सर्वांनी वाचल्या आहेत, त्यामुळे त्यांत फार शिरत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नरभक्षक मारल्यावर कॉर्बेट त्याचे शरीर बारकाईने तपासत. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले होते, कोणाच्या तरी जुन्या गोळीने. मुक्तेश्वरच्या वाघिणीची गाठ साळिंदराशी पडली होती. तिचा एक डोळा गेला होता आणि पुढच्या उजव्या पायात पन्नासेक काटे रुतले होते. अशा एकेका तपासणीतून त्यांचे मत पक्के होत गेले की माणूस हे वाघाचे खाद्य नाही. जखम किंवा म्हातारपण यांनी नाइलाज झाला की तो माणसाकडे वळतो. आणि पुष्कळदा ती जखम माणसाच्याच बंदुकीने झालेली असते. ज्याने सर्वांत भयंकर वाघ मारले, तोच माणूस वाघाचा वकील झाला तो असा.

एका वन अधिकाऱ्याचे पुस्तक

त्याच संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन नावाचे एक वन अधिकारी होते. जंगल खात्यात असूनही त्यांना बंदुकीची आवड नव्हती. वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते एक बारीक तार आडवी बांधत. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमच्या पुडीचा लखकन उजेड पडे आणि कॅमेरा आपोआप फोटो घेई. रात्रीच्या जंगलात मोकळ्या फिरणाऱ्या वाघाचा फोटो तोपर्यंत जगाने पाहिला नव्हता. १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे फोटो लंडनच्या सचित्र साप्ताहिकात पहिल्या पानावर झळकले. १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून तो ओळखता येतो, हेही त्यांनी आपल्या फोटोंवरून दाखवले.

ते पुस्तक कॉर्बेट यांच्या हाती आले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी स्वतःशी एक सरळ हिशेब मांडला. चॅम्पियन यांनी हेच वाघ गोळीने मारले असते तर त्यांची कातडी एव्हाना केस गळून उकिरड्यावर गेली असती. फोटो मात्र जसेच्या तसे राहिले. शिवाय कातडे लटकते ते एकाच्या दिवाणखान्यात, त्याचे कौतुक त्या एकालाच. फोटो हजारो जण पाहतात. आणि मुख्य म्हणजे फोटो काढल्यावर वाघ जंगलातच राहतो. वाघ झपाट्याने कमी होत आहेत हे त्यांना तेव्हाच दिसत होते.

पण चॅम्पियन यांच्यासारखे रात्री, तारेने आणि स्थिर फोटो काढायचे नाहीत, तर दिवसाउजेडी, जिवंत हालचालीचे चलच्चित्र घ्यायचे, असे कॉर्बेट यांनी ठरवले. एका मित्राने त्यांना बेल अँड हॉवेलचा १६ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा भेट दिला. या निर्णयाचा अर्थ लक्षात घ्या. तारेच्या कॅमेऱ्याजवळ माणूस लागत नाही. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यामागे माणूस बसावाच लागतो. तेव्हा आजच्यासारख्या दूरवरचे जवळ आणणाऱ्या भल्यामोठ्या लेन्स हाताशी नव्हत्या. चित्र नीट यायचे तर वाघाच्या जवळ, अगदी जवळ जायला हवे. तेही जमिनीवर आणि नजर कॅमेऱ्यात घालून.

दहा वर्षे आणि साडेचार महिने

दहा वर्षे ते वाघांच्या रानातून शेकडो मैल हिंडले. या काळात त्यांना साधारण २०० वेळा वाघ दिसला. कधी आपल्या भक्ष्याजवळ आलेले न आवडून वाघाने त्यांना पिटाळले, कधी बछड्यांच्या आईने. आणि या दहा वर्षांत मनासारखे चित्र किती मिळाले? एकही नाही. कधी उजेड जास्त, कधी कमी. कधी मध्ये गवताची काडी किंवा पान, कधी भिंगावर कोळ्याचे जाळे. एकदा तर सारे नीट जमले आणि फिल्म धुताना तिच्यावरचा थरच वितळला.

दहा वर्षे खाते उघडून ठेवले आणि शिल्लक शून्य, असे म्हणायला हरकत नाही. दुसरा कोणी असता तर कॅमेरा विकून मोकळा झाला असता. बंदुकीचा चाप ओढला की काम होते, आणि बंदूक चालवण्यात तर यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

१९३८ साल उजाडले. कॉर्बेट ६३ वर्षांचे झाले होते. या सालच्या नोव्हेंबरात त्यांनी ठाक गावची नरभक्षक वाघीण मारली. कुमाऊँमधली त्यांची ही शेवटची नरभक्षक. आणि याच साली त्यांनी ठरवले की आता एक अखंड हिवाळा फक्त चित्रीकरणाला द्यायचा.

वाघ जिथे भेटेल तिथे कॅमेरा रोखून उपयोग नाही, हे दहा वर्षांत कळले होते. म्हणून त्यांनी आधी जागा शोधली. साधारण ५० यार्ड रुंदीचा एक उघडा नाला, मधून वाहणारी बारीकशी पाण्याची धार, दोन्ही काठांना दाट झाडी. उजेड भरपूर आणि लपायला जागाही भरपूर. अडचण होती ती कॅमेऱ्याच्या आवाजाची. किल्ली दिलेला तो कॅमेरा सुरू झाला की घरघर करी, आणि वाघाच्या कानाला एवढीशी कुरकुरही पुरते. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी पाण्याच्या धारेत ठिकठिकाणी बांध घालून काही इंच उंचीचे छोटे छोटे धबधबे तयार केले. त्या खळखळाटात कॅमेऱ्याची घरघर बुडून गेली. ना यंत्र, ना खर्च.

मग वाघ. तीन वेगवेगळ्या भागांत त्यांनी सात वाघ हेरले आणि त्यांना थोडे थोडे करत, एका वेळी काही यार्डच, या नाल्याकडे आणायला सुरुवात केली. त्या भागात शिकाऱ्यांचा राबता मोठा. आपले वाघ त्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून कॉर्बेट यांना जपावे लागे. म्हणजे वाघापासून स्वतःला लपवायचे आणि माणसांपासून वाघाला. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या शिकाऱ्यावर शिकाऱ्यांपासून वाघ लपवण्याची वेळ आली होती!

एक वाघीण आल्याच्या दुसऱ्या दिवशीच निघून गेली, पण तोवर तिचे चित्र घेऊन झाले होते. उरलेले सहा तिथे राहिले. दिवसा उजेडात सहा वाघांच्या जवळ सरकणे अशक्य. म्हणून ते पहाटे, रात्र पुरती सरलेली नाही आणि दिवस उगवलेला नाही अशा वेळी जात. थंडीतल्या दाट दवाने पालापाचोळा ओला होऊन मऊ पडे आणि पावलांचा आवाज होत नसे. मग पाण्याकाठी पडून राहायचे. उजेड फटफटेपर्यंत थांबायचे, आणि वाघ समोर आला तर कॅमेरा सुरू करायचा. बरेचदा तो यायचा नाही.

त्यात तो हिवाळा पावसाचा निघाला. भिंगावर बाष्प धरे. घाईत फिल्म भरताना ती आत गुंडाळून जाई. एकंदर हजार फूट फिल्म खर्ची पडली आणि त्यातली शेकडो फूट वाया गेली. हाती उरली सुमारे ६०० फूट. पडद्यावर दाखवायला अर्धा तासही लागणार नाही एवढी. पण त्यात पूर्ण वाढीचे सहा वाघ होते. चार नर आणि दोन माद्या. नरांपैकी दोन दहा फुटांहून मोठे आणि माद्यांपैकी एक चक्क पांढरी वाघीण. सारे दिवसाच्या उजेडात, १० ते ६० फुटांवरून टिपलेले.

दहा फूट म्हणजे किती? आपल्या मंडळाच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसल्यावर समोरचा माइक असतो, साधारण तेवढे. तिथे वाघ आहे आणि आपण ओल्या जमिनीवर पडून कॅमेऱ्यात डोळा घातलेला आहे, अशी कल्पना करून बघा.

या सगळ्याला साडेचार महिने लागले. आणि मला सर्वांत थोर वाटते ती गोष्ट पुढेच आहे. एवढ्या साऱ्या दिवसांत त्या सहांपैकी एकाही वाघाने त्यांना पाहिले नाही. ते इतक्या जवळ गेले, पण त्यांच्या जाण्याने एकाही वाघाला जागचे उठावे लागले नाही. मी तीस फुटांवर उभा राहिलो आणि वाघीण उठून गेली. दोघांमध्ये एवढाच फरक आहे, आणि एवढाच फरक महत्त्वाचा आहे.

जंगलासाठी केलेली कामे

चित्रे काढून ते थांबले नाहीत. १९३२ मध्ये नैनितालच्या एका साप्ताहिकात त्यांनी गावाजवळच्या वन्यजीवांना वाचवण्याचे आवाहन करणारा लेख लिहिला होता. तो लेख शिकारीवर नव्हता. वन्यजीव रक्षणासाठी निघालेल्या संस्थेच्या आणि नियतकालिकाच्या कामात त्यांनी भाग घेतला. शाळांतून ते मुलांना जंगलाविषयी सांगायला जात. शेवटी दिवे मालवून वाघाची डरकाळी काढत आणि मुलांची पाचावर धारण बसे, असे सांगतात.

रामगंगेच्या खोऱ्यात राखीव उद्यान व्हावे म्हणून वन अधिकाऱ्यांबरोबर त्यांनीही जोर लावला. त्या भागातली त्यांची माहिती सीमा ठरवताना उपयोगी पडली. ऑगस्ट १९३६ मध्ये भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. प्रांताचे माजी गव्हर्नर माल्कम हेली यांचे नाव त्याला दिले गेले. क्षेत्र होते सुमारे ३२३ चौरस किलोमीटर.

कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे ओसाड पडलेले गाव त्यांनी १९१५ मध्ये विकत घेऊन पुन्हा वसवले. रानडुकरे आणि हरणे शेतात शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली. जनावर वाचवायचे तर शेतकऱ्याचे पीकही वाचले पाहिजे, हे त्यांना नुसते पटत नव्हते, त्यांनी त्यासाठी स्वतःचा पैसा घातला. लोक प्रेमाने त्यांना कार्पेट साहेब म्हणत.

हिशेब लिहिताना दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ताळेबंद खोटा ठरतो. कॅमेरा हाती आल्यावर कॉर्बेट यांनी शिकार एकदम सोडली असे झाले नाही. १९३० मध्ये त्यांनी पवलगढचा प्रचंड वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. त्याच्या आकारामुळे सारे शिकारी दहा वर्षे त्याच्या मागावर होते, इतकेच. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी त्यांनी शिकारीचे बेत आखून दिले. ते आपल्या काळाचे आणि आपल्या राजवटीचे माणूस होते. माणूस एका रात्रीत बदलत नाही. पण कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहावे. त्यांची दिशा चुकली नाही.

पुस्तके आणि परदेश

दुसऱ्या महायुद्धात, सत्तरीला टेकलेले असताना, ब्रह्मदेशात लढायला जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसे राहावे ते शिकवण्याचे काम त्यांनी केले. त्यासाठी त्यांचा मुक्काम छिंदवाड्याला होता, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारी. १९४४ मध्ये ऑक्सफर्डच्या मुंबई कार्यालयाने त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक काढले आणि ते जगभर गेले. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांच्या वसतिगृहाला दिले.

१९४७ च्या अखेरीस मॅगीला घेऊन ते केनियात गेले. जन्मभूमी सोडताना त्यांना काय वाटले असेल, ते त्यांच्या पुढच्या पुस्तकांतून जाणवते. तिथे बसून लिहिले ते सगळे इथल्याच माणसांविषयी आणि इथल्याच रानाविषयी. छोटी हल्द्वानीच्या जमिनी तिथे कसणाऱ्यांच्या झाल्या. केनियात न्येरी गावी ते एका छोट्या घरात राहत. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे झाडावरच्या विश्रामगृहात प्राणी पाहायला आल्या, तेव्हा सोबतीला कॉर्बेट होते. त्याच रात्री इंग्लंडमध्ये सँड्रिंगहॅमला राजे वारले आणि झाडावर चढलेली राजकन्या सकाळी राणी होऊन खाली उतरली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीलाच कॉर्बेट यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर भारत सरकारने त्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव दिले. राज्य गेले, गव्हर्नरचे नाव पुसले गेले आणि एका पोस्टमास्तराच्या मुलाचे नाव लागले, तेही स्वतंत्र भारतात. १९७२ च्या गणनेत देशात जेमतेम १,८२७ वाघ उरल्याचे दिसले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तो कॉर्बेट उद्यानातूनच. २०२२ च्या गणनेनुसार वाघांची संख्या सरासरी ३,६८२ आहे.

ही गणना होते ती कॅमेऱ्याने. २०१८-१९ मध्ये देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यांत वाघाचे होते ७६,६५१. प्रत्येक वाघ ओळखला गेला तो अंगावरच्या पट्ट्यांवरून. चॅम्पियन यांच्या तारेची आणि कॉर्बेट यांच्या नाल्याची ही पुढची पिढी. ज्या कॅमेऱ्यासाठी दोघांना त्या काळी वेडे ठरवले गेले असेल, त्याच कॅमेऱ्यावर आज वाघांचे सारे नियोजन उभे आहे.

जाता जाता

आता आपल्या सर्वांच्या खिशात कॅमेरा आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यातली पुष्कळ कुटुंबे कान्हा, पेंच, ताडोबाला जातात. जरूर जावे, मुलांना न्यावे. पण गाडीत उभे राहू नये, ओरडू नये, ड्रायव्हरला आणखी जवळ घे म्हणून पैसे दाखवू नयेत. हे मी कोणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही, मीच चुकलो होतो म्हणून लिहितो. फोटो नाही आला तरी चालेल. वाघीण जागची उठली नाही, तर तो दिवस चांगला गेला असे समजावे.

पुस्तक मंडळाच्या वाचनालयात आहे. घरी न्याल तेव्हा नातवंडांना शेवटचे प्रकरण आधी वाचून दाखवा. मी ते चाळीस वर्षे गाळले, तुम्ही गाळू नका.